मी म्हणालो, सिनेमा चांगला आहे

सुपारी फुटली की नवरदेवानं नवरीला जालन्याला नेऊन एक सिनेमा दाखवायचा, ही पद्धत आमच्या मंठ्याकडे अलीकडेच पडली आहे. मुलगी एकटी पाठवत नाहीत. तिच्यासोबत भाऊ जातो, मुलाकडून त्याची बहीण किंवा वहिनी येते. चौघं एका रांगेत बसतात, ती दोघं मधे आणि राखण करणारे कडेला. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी राखण करायला मी गेलो होतो.

आमचे वडील मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल आहेत. माय लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. घरातला पहिला पदवीधर मी, आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर मराठी शिकवतो. मी शिकलो त्या वर्षांत घरात नवं काही आलं नाही, आणि त्याबद्दल कुणी मला कधी बोलून दाखवलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं होतं की बहिणीला मागं राहू द्यायचं नाही. बारावीनंतर ती पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी परतूरच्या रस्त्यावर ती पळायची आणि मी सायकलवर मागं मोबाईलचं घड्याळ लावून असायचो.

परत येताना आम्ही आदल्या दिवशी मोबाईलवर पाहिलेल्या सिनेमावर बोलायचो. हा नाद मीच तिला लावला. वर्गात मी मुलांना व्यक्तिचित्रण शिकवायचो, तेच घरी तिला. पण ती माझ्यापेक्षा नीट बघायची. एका सिनेमातली आई सहा वेळा पडद्यावर आली आणि सहाही वेळा तिच्या हातात ताट होतं, हे तिनं मोजलं होतं. दुसऱ्या एका सिनेमात हिरोईन पोलीस होती, केस मोकळे सोडून चोरामागं पळत होती. "दादा," बहीण धापा टाकत म्हणाली, "हिला म्हणावं, असे केस सोडून आठशे मीटर पळून दाखव. दुसऱ्या फेरीला तोंडात जातेत." मी इतका हसलो की सायकल रस्त्याच्या खाली गेली.

तिला आलेलं स्थळ वडीगोद्रीचं होतं. मुलगा कृषी पदवीधर, हायवेला स्वतःचं कृषी सेवा केंद्र. चौकशी मीच केली. दारू नाही, गुटखा नाही, बोलणं नरम. लग्नानंतर भरतीचं ग्राउंड देऊ द्याल का, असं मी बैठकीत सर्वांसमोर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देऊ की सर, त्यात काय." मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, हे स्थळ सोडू नका.

सिनेमा त्यानंच निवडला होता. त्यातली मुलगी गरीब घरातली, मोठ्या परीक्षेच्या मुलाखतीपर्यंत पोचलेली. बहीण खुर्चीत पुढं सरकून बघत होती. मुलाखतीच्या सकाळी हिरोला कळतं की बाहेर त्याचे दुश्मन टपलेले आहेत. तो तिला काही सांगत नाही. तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो आणि मारामारीला निघून जातो. ती आतून दार बडवते, घड्याळ दाखवतात, पुन्हा दार. आणि त्या दारावर टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. शेवटी ती मुलाखतीचं पत्र स्वतःच्या हातानं फाडते आणि त्याला म्हणते, तू कोंडलंस म्हणून मी जिवंत आहे. दोघांवर फुलं पडतात.

सुटल्यावर आम्ही शेजारच्या हॉटेलात बसलो. नवरदेवाची बहीण मोकळी बाई होती, दोन लेकरांची. तिनं कचोरी मागवली आणि माझ्या बहिणीला म्हणाली, "काय वो नवरीबाई, आवडला का? का आमच्या भावाकडंच बघत होत्या?"

माझी बहीण हसली, मग म्हणाली, "चांगला होता. पण तिला कोंडलं ते न्हाई पटलं."

"अगं, काळजीनं कोंडलं ना त्यानं."

"मंग सांगायचं ना तिला. तिचं तिनं ठरवलं असतं."

नवरदेव हसत होता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. त्यानं तिच्या प्लेटमध्ये स्वतःच्या हातानं चटणी वाढली आणि म्हणाला, "सांगत बसायला टाइम असतो का? मी असतो तर मीबी तेच केलं असतं. बाहेर काय चाललंय ते घरात बसलेल्या बाईला काय माहीत?" मग माझ्याकडे वळला. "काय सर? तुम्ही तर मराठीचे. बराबर का न्हाई?"

बहीण माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी तिला हेच तर शिकवत आलो होतो. तिला वाटलं, आता दादा बोलेल.

माझ्या डोक्यात मात्र एवढंच आलं की सुपारी फुटली आहे, पत्रिका छापायला गेल्या आहेत, समोर पाव्हणे बसलेत. मी म्हणालो, "बराबर आहे. सिनेमा चांगला आहे. दिग्दर्शकाला प्रेमाची तीव्रता दाखवायची आहे, म्हणून तसा प्रसंग घेतला."

"बघा," नवरदेवाची बहीण म्हणाली, "सरांनी पास केलं."

मंठ्याच्या एसटीत बहीण खिडकीशी बसली होती. रामनगर मागं पडलं. मग खिडकीकडेच बघत म्हणाली, "तीव्रता म्हणजे काय रे दादा?"

मी कंडक्टरकडे वळून उरलेले सुटे पैसे मागितले.

दुसऱ्या दिवशी ती पळायला उठली नाही. माय चुलीपाशी असताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबांना सांग. मला हे लग्न नको. तू सांगितलं तर ऐकतील." मी त्याच दुपारी मोंढ्यात गेलो. वडील पोत्यावर बसून भाकर खात होते.

मी म्हणालो, "बाबा, मला ते पोरगं बराबर वाटत न्हाई."

"का? काही ऐकलं का?"

"ऐकलं न्हाई. सिनेमा बघून तो जे बोलला..."

वडिलांनी घास हातातच ठेवला. "काय बोलला? शिवी दिली का?"

"न्हाई."

"हात लावला का पोरीला?"

"न्हाई हो. सिनेमातल्या पोरानं पोरीला कोंडलं, तर तो म्हणला बराबर केलं."

शेजारचे दोन हमाल हसायला लागले. एक म्हणाला, "सर, आम्ही तं सिनेमातल्या डाकूलाबी बराबर म्हणतो, मंग आम्ही डाकू झालो का?" वडील हसले नाहीत. म्हणाले, "काल पाव्हण्याचा फोन आल्ता. म्हणला, सरांना सिनेमा लई आवडला. मंग खोटं कोण बोलून राह्यलं, तो का तू?"

तिथून मी कसा परतलो ते आठवत नाही. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं काही केलं नव्हतं. त्यानं फक्त एक मत दिलं होतं, आणि त्या मतावर मी माझी सही करून बसलो होतो.

मग मला सुचलं ते आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. मी शिकलेला, मला वाटलं की वडिलांनी तो प्रसंग डोळ्यांनी बघितला तर त्यांना कळेल. मोंढा बंद असलेल्या रविवारी मी त्यांना जालन्याला घेऊन गेलो, त्याच टॉकीजला, त्याच सिनेमाला. ते कित्येक वर्षांनी टॉकीजमध्ये बसत होते. धुतलेली टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती. दाराला कडी लागली, पोरं शिट्ट्या मारायला लागली, तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हतो, वडिलांच्या तोंडाकडे बघत होतो. ती आतून दार बडवत होती. वडील हळूच म्हणाले, "बरं झालं." शेवटी फुलं पडली तेव्हा त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडलोच. "बाबा, तिची मुलाखत बुडाली!"

"जीव तर वाचला."

"तिला विचारलं का त्यानं?"

"ज्याला जीव लावला त्याला विचारत बसते का कोणी? लेकरू विहिरीकडं चाललं तर तू विचारतो का?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगला दाखवला सिनेमा. तुझ्या मायलाबी आणायला पायजे होतं." दुसऱ्या दिवशी साऱ्या मोंढ्याला त्यांनी सांगितलं की पोरानं मला जालन्याला नेऊन सिनेमा दाखवला.

मी बहिणीला हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "त्यांना कोणी कवा दुसरं दाखवलंच न्हाई. तुला तं दुसरं माहीत होतं." मग म्हणाली, "परवा बस्त्याला सगळे असतील. तितं म्हण. म्हण की मी खोटं बोललो, मला तो सिनेमा आवडला न्हाई. तेवढं म्हण, पुढचं मी बोलते."

बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे. दोन्हीकडची माणसं एका दुकानात बसून घेतात. जालन्याच्या दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही चौदा-पंधरा जण होतो. साड्यांच्या घड्या उलगडत होत्या, बायका एकमेकींच्या खांद्यावर पदर टाकून बघत होत्या. नवरदेवानं माझ्यासाठी चहा मागवला. मी कप हातात धरला आणि म्हणालो, "त्या दिवशी मी सिनेमाबद्दल खोटं बोललो."

"कोणता सिनेमा?" नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं. कोंडणं चुकीचं होतं, आणि त्याला बरोबर म्हणणारा माणूस मला चुकीचा वाटतो, हेही सांगितलं. मधेच वर्गातला शब्द आला, मधेच अडखळलो. नवरदेव हसला नाही या वेळी. शांतपणे म्हणाला, "मंग त्या दिवशी का न्हाई बोलले सर? मी तुम्हालाच विचारलं होतं."

मी बहिणीकडे बघितलं. ती बोलायला तोंड उघडत होती. पण त्याआधी नवरदेवाचे वडील उठून उभे राहिले. "पाव्हणे," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या घरी हॉटेलात एक बोलतेत अन् दुकानात एक बोलतेत का? चार लोकांत आमच्या पोराला चुकीचा म्हणायला आणलं का आम्हाला?"

वडील गादीवरून उठले. टोपी काढून त्यांनी हात जोडले. आयुष्यभर पोती वाहिलेले ते हात जोडताना नीट मिटत नाहीत. "चुकलं," ते म्हणाले. "पोरगं शिकलेलं हाय, त्याला बोलायचं कळत न्हाई. मी पाया पडतो, पण राग धरू नका." आणि ते खरंच वाकले.

बहीण ते बघत होती. मीही बघत होतो. मला उठून त्यांना धरता आलं असतं, पण माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो कुठं ठेवायचा हेच मला सुचेना.

बहिणीनं समोरच्या ढिगातली एक साडी ओढली. कोणती, हे तिनं पाहिलंही नसावं. "ही घ्या," ती म्हणाली. "मला ही आवडली. बाबा, बसा तुम्ही खाली."

दुकानदारानं विचारलं, "ताई, उघडून दाखवू का?"

"नको," ती म्हणाली. "बांधा."