तुळशीजवळचा खड्डा

विसरू म्हटलं तरी ती घटना विसरता येत नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट, चिंचवडजवळच्या एका गावातली. मी नवा फौजदार होतो आणि खाकीचा ताठा अंगात पुरेपूर होता.

एका शेतकऱ्याने परसातल्या आडावर विजेची मोटार बसवून घेतली. पंधरवड्याने एकदा हात लावताच त्याला जबर झटका बसला. इस्पितळात तो बेशुद्ध पडून होता. शेजाऱ्याने ठाण्यावर येऊन खबर दिली, "काम बिनदाखल्याचं हाय, सायेब. वायरमननं अर्थिंगचं तांबं गिळलं." म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा तांब्याचा पत्रा त्याने पुरलाच नाही.

वायरमन कोकणातला, कारखान्यात कामाला. परवाना नव्हता. शेतकरी दगावला असता तर त्याचा तुरुंग चुकत नव्हता. मी दरडावून जबाब घेतला. गडी एकच बोले, "सायेब, अर्थ दिलाय मी. तुळशीजवळ." अर्थिंगला ते लोक अर्थच म्हणत.

"तुळशीजवळच का?"

"तिथे रोज पाणी पडतं. अर्थाला ओल लागते."

थापा मारणारा इतकं नेमकं कारण देत नाही. पंच आणि वायरमनला घेऊन मी शेतकऱ्याचं अंगण गाठलं.

खड्डा उकरला. तार निघाली, पत्रा नाही. वायरमन हातांनीच माती उपसून पत्रा शोधू लागला. पण मातीत चिरलेली लिंबं होती, आणि लिंबं काही कुठला वायरमन पुरत नाही. शेतकऱ्याची आई खांबाआड उभी होती.

"आजी, ही लिंबं कुणाची?"

म्हातारीला रडू फुटलं. "म्याच टाकली. तुळस बदलाया उकरलं, तर खाली मीठ, कोळसा आन् तांब्याचा पत्रा. करणीच की वो ती! पत्रा नदीत सोडला अन् उतारा केला."

मीठ-कोळसा ओल धरायला घालतात. वायरमनने ते मुलाला सांगितलं होतं. अंगण सारवणाऱ्या आईला कुणीच नाही.

मुलगा वाचला. बिनपरवाना कामाबद्दल वायरमनवर खटला मात्र मी भरलाच, आणि आजही ते योग्यच वाटतं. परवानावाल्याने काम केलं असतं, तर दाखल्यासाठी सरकारी तपासणी झाली असती, अंगणात उभं राहून चार प्रश्न विचारले गेले असते आणि म्हातारीच्या कानावर पडले असते. त्यानंतर कुठल्याही तपासात मी घरातल्या बाईमाणसाला आधी विचारू लागलो.

त्या दिवशी निघताना म्हातारीने वायरमनचा हात धरला.

"अर्थ दिलास म्हनतोस लेकरा, पर त्यो मला कुनी सांगितलाच न्हाई रं."