पठारेसाहेबांचा उजवा बूट

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला मंगळवार होता. वाकोल्याच्या माझ्या गाळ्यात अकरा माणसं चपला काढून बसलेली. दारात आमच्या चर्चकमिटीचे सेक्रेटरी पठारेसाहेब, हातात यादी, पायात काळे लेदरचे बूट.

"अंतोन, जरा पटापट बघा. चार वाजता चर्चमध्ये पार्लरची बाई येणार आहे."

"पार्लरची येणार, तर मी कशाला बघू?"

"तुम्ही पास केलेत की मग ती. नापास पायावर तिचा वेळ घालवायचा नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाला शिष्यांचे धुतले होते, म्हणून. मोठ्याने लहानासमोर वाकायचं, एवढाच अर्थ. मी चौथी शिकलो, मलाही तो समजतो. पण आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाइलवर लाइव्ह दाखवतात. मागच्या वर्षी कुणाच्या तरी टाचांच्या भेगा कॅमेऱ्यात आल्या, परातीतलं पाणी काळं झालं आणि दुबईच्या नातेवाइकांचे फोन आले. म्हणून यंदा कमिटीने ठराव केला. पाय आधी तपासून, घासून, चकचकीत करून घ्यायचे. मग फादरनी ते नम्रपणे धुवायचे.

तपासणीला मी, कारण माझा धंदा पायांचा. एका हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये मी आयुष्यभर सर्जिकल चपला केल्या. रिटायर झाल्यावर हा गाळा टाकला. शुगर जुनी झाली की पाय सुन्न होतात. खडा टोचला, चटका बसला, कळत नाही. जखम आत चरत जाते आणि माणूस मजेत फिरत असतो. अशांना मऊ रबराची, त्यांच्याच पायाच्या मापाने कोरलेली चप्पल लागते. ती मी करतो.

तर मी एकेक पाय मांडीवर घेत गेलो. कमिटीच्या अध्यक्षबाईंनी पार्लरच्या आधीच मरून रंगाचं नेलपॉलिश लावलेलं.

"बाई, शिष्यांनी लावलं होतं का?"

"काका, लांबून नाही कळत. क्लोजअपमध्ये नखं पिवळी दिसतात."

एकाच्या अंगठ्याला कुरूप निघालं, त्याला साहेबांनी खांबाआडची खुर्ची दिली. पहिल्या खुर्चीवरून दोघांचं जुंपलं, कारण पहिल्या पायावर कॅमेरा जास्त वेळ थांबतो. नम्रतेसाठी इतकी मारामारी मी हॉस्पिटलच्या लाइनीतही पाहिली नव्हती.

"बारावा कोण?" मी विचारलं.

"मोझेस होता. कापला."

मोझेस रिक्षा चालवतो. माझ्या गाळ्यासमोरच त्याचा स्टँड.

"का कापला?"

"पितो हो. चर्चची काही अब्रू आहे की नाही?"

"साहेब, पहिल्या बारा जणांत यूदा होता. स्वतःच्या गुरूला पकडून द्यायला निघालेला. येशूने त्याचेही पाय धुतलेच ना?"

"तेव्हा कमिटी नव्हती," पठारेसाहेब म्हणाले. हे ते मस्करीत म्हणाले नाहीत.

"मग बारावा?"

"नाइलाज आहे. मीच बसतो."

"बसा की. काढा बूट."

"माझे पाय ठीक आहेत. टिक करा."

"बघितल्याशिवाय मी टिक करत नाही."

"अंतोन, मी बँकेत मॅनेजर होतो."

"तेव्हाही पाय होते ना?"

अकरा जण हसले. साहेबांचा चेहरा पडला. "तुमच्यासमोर पाय उघडा करायला मी काही..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं मी माझ्या मनाने भरून घेतलं. चपला शिवणारा माणूस, याच्या हातात मॅनेजरने पाय कसा द्यायचा. ते असं बोलले नव्हते. मी मात्र तसंच ऐकलं.

ते वळले, रागाने पाय आपटला आणि निघाले. गाळ्याबाहेर लांब पॅसेज आहे, टाइल्सचा. त्यावरून टक, टक आवाज येत गेला. फक्त उजव्या पायाचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. माझ्याकडे चपट्या डोक्याचे खिळे असतात. खाली पडले की डोक्यावर बसतात, टोक वर. त्यातला एक साहेबांच्या बुटात घुसला होता.

मी हाक मारली नाही. टोचला की येतील ओरडत, मग काढावाच लागेल बूट, असं वाटलं. खरं सांगतो, गंमत वाटली.

बाकीचे पार्लरसाठी गेले. मी खिळ्यांचा डबा उचलायला वाकलो आणि हात तिथेच राहिला. खिळा पाऊण इंची. साहेबांच्या बुटाचा तळ झिजलेला. म्हणजे टोक पायात गेलंच असणार. आणि साहेब पॅसेजच्या टोकापर्यंत एकदाही न लंगडता गेले होते.

माझी बायको मार्था अशीच चालायची. तिला शुगर होती. मी जगाला चपला करत होतो आणि ती घरात झिजलेल्या हवाई चपलेत. "तुमचे पेशंट आधी करा, मला काय घाई," म्हणायची. साडीची पिन तिच्या टाचेत तीन दिवस होती. तीन दिवस मी तिच्या शेजारी बसून जेवलो. आधी पाय गेला, मग ती. दोन वर्षं झाली. जास्त लिहीत नाही.

पक्कड खिशात टाकली, गाळा उघडाच ठेवला आणि बाहेर आलो. मोझेस रिक्षात पेपर वाचत होता.

"मोझेस, पठाऱ्यांच्या बिल्डिंगला चल."

"त्यांनी मला कापलंय, काका."

"माहीत आहे. चल."

निघाला. वाटेत मी पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायला बघत होतो. त्याने आरशात पकडलं.

"घ्या, घ्या. राखेच्या बुधवारपासून बंद आहे."

राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस. सहा आठवडे होत आले होते.

"मग कमिटीला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

दार साहेबांनीच उघडलं. पायात अजून बूट.

"माफी मागायला आलात?"

"बूट काढा."

"पुन्हा तेच?"

"साहेब, उजव्या बुटात खिळा आहे. माझ्या गाळ्यातला. तुम्हाला कळत नाहीये."

त्यांनी भिंतीला धरून तळ वर केला. खिळ्याचं डोकं घासून चमकत होतं. ते बघून साहेब खुर्चीत बसले आणि मॅनेजरपणा सगळा उतरला.

"मिसेस आत झोपलीय. हळू बोला," म्हणाले. "तिला माहीत नाही."

मी पक्कडीने खिळा उपसला, मग बूट निघाला. मोजा रक्ताने चिकटलेला. खिळ्याचं भोक बारीक. पण त्याच्या पुढे, अंगठ्याखाली, जुनी जखम होती. रुपयाएवढी, कापूस लावून रुमालाने बांधलेली. वास आला. तो वास मला ओळखीचा आहे.

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कापा म्हणेल. तुमच्या मिसेसचं पाहिलंय ना मी. दफनाला होतो. गाळ्यात मोजा काढला असता तर अकरा जणांना वास गेला असता, अंतोन."

"आणि गुरुवारी काय करणार होता?"

"फादर एकच पाय धुतात. मी डावा देणार होतो."

"मला वाटलं, माझ्या हातात पाय द्यायला तुम्हाला कमीपणा वाटतो."

"तोही वाटत होता थोडा," साहेब म्हणाले.

असा पाय पाण्यात बुडवायचा नसतो. उकळून गार केलेलं पाणी वरून सोडायचं, अलगद टिपायचं, स्वच्छ कपडा बांधायचा. तेवढं मी केलं. मोझेसने तांब्या धरला. साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. कुणी काही पवित्र बोललं नाही. मग त्यांच्या मिसेसना उठवलं, साहेबांना मोझेसच्या रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलला नेलं.

अंगठा गेला. पाय राहिला. अजून आठवडाभर मोजा चढवला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी बाराव्या खुर्चीसाठी फादरनी स्वतः मोझेसला बोलावलं. तो स्टँडवरून खाकीतच आला, पायाच्या बोटांत ग्रीस. परातीतलं पाणी काळं झालं. कॅमेरेवाल्याने लगेच कॅमेरा वेदीच्या फुलांवर नेला. दुबईला यंदा फुलं बराच वेळ दिसली.

ईस्टरनंतर फादर गाळ्यावर आले. "अंतोनकाका, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्या. तुम्ही पठाऱ्यांचा पाय धुतलात, लोकांना नम्रता कळेल."

"देतो. पण टक टक ऐकून मी गप्प बसलो होतो, तेही सांगणार."

फादरनी डोकं खाजवलं. "ते गाळलं तर चालेल काका. वेळ कमी असतो."

मग मी नको म्हटलं. साक्ष पठारेसाहेबांनी दिली. वीस मिनिटं चालली, त्यात कमिटीचे आभार दोनदा आले. पुढच्या वर्षापासून बारा जणांना शुगरचा रिपोर्ट आणावा लागेल, असा ठरावही त्यांनी मांडला आहे. मी केलेली चप्पल वापरतात, पट्टा काळा का नाही म्हणून दर आठवड्याला कुरकुरतात.

धंद्यातली एक गोष्ट सांगून थांबतो. शुगरचा माणूस "पाय अजिबात दुखत नाही" म्हणाला, तर त्याला तिथेच बसवा आणि बूट काढायला लावा. कोण गर्विष्ठ, कोण नम्र, ते मात्र मला विचारू नका. मी हातभर अंतरावरून, भर उजेडात चुकलो होतो.