सहा पावलं, पंधरा फूट

फोटोमामांचं काहीतरी बिनसलं होतं, आणि नेमकं काय ते त्यांना कळत नव्हतं. तीन महिन्यांत चार रिळं वाया गेली. अगदी काळीकुट्ट निघाली असती तरी बरं, माणूस दोन शिव्या घालून मोकळा होतो. इथे भानगड वेगळीच. माणसामागची भिंत इतकी स्वच्छ यायची की विटा मोजून घ्याव्यात, आणि भिंतीपुढे बसलेला माणूस मात्र धुरकट. नाक, डोळे, मिश्या सगळं जागच्या जागी, पण पुसट.

मामांचा कॅमेरा घडीचा. झाकण उघडलं की भाता पुढे येतो, भात्याच्या टोकाला भिंग. फिल्म चांगली रुंद, एका रिळात बाराच फोटो. या कॅमेऱ्यात बघून फोकस करायची सोयच नाही. वरच्या इवल्याशा खिडकीतून चौकट तेवढी दिसते. माणूस स्पष्ट येणार की नाही, हे ती खिडकी बापजन्मात सांगत नाही. भिंगाभोवतीच्या कड्यावर फुटांचे आकडे कोरलेत. माणूस किती फुटांवर आहे ते आपण ठरवायचं, तो आकडा खुणेसमोर आणायचा आणि खटका दाबायचा. अंतर चुकलं की फोटो गेला.

मामांचं अंतर चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं. उमेदवारीत असताना त्यांच्या गुरूने फरशीवर खडूच्या रेघा मारून त्यांना महिनाभर नुसतं चालवलं होतं. एक पाऊल अडीच फुटांचं, सहा पावलं म्हणजे पंधरा फूट. टेप लावायची नाही, अशी सक्त ताकीद. टेप नाकापर्यंत नेली की माणूस आखडतो, मग फोटोत चेहरा येतो कुठला. त्यापेक्षा जवळ जायचं, कॉलर सरळ करायची, मुलीचं बाळंतपण कसं झालं ते विचारायचं आणि बोलता बोलता वळून सहा पावलं टाकायची. आपलं माप घेतलं गेलंय हे समोरच्याला कळतही नाही. मामांनी अख्ख्या गल्लीची मापं अशी बेमालूम घेतली होती आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

म्हणूनच आता डोकं फिरायची वेळ आली. फिल्म बदलून झाली. भिंग पुसून पुसून झिजायचं बाकी राहिलं. चष्म्याचा नंबर तपासला, तो जिथल्या तिथे. वर आणखी एक गंमत: भर उन्हात काढलेले फोटो ठणठणीत यायचे, दुकानामागच्या अंगणातले, सावलीतले तेवढे बिघडायचे. कॅमेऱ्याला सावली बाधते असं कुठे ऐकलंय का? मामा जेवताना घास हातात धरून विचार करत बसायचे. मामी म्हणायच्या, "अहो, आमटी गार झाली." तेवढंच.

एरवी हे असंच चाललं असतं, पण मध्ये ताई आली. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी, आई गेल्यावर मामांना वाढवलं ते तिनेच. ती रविवारी मुलाकडे निघाली होती, साता समुद्रापलीकडे, आणि या वयात तिथून परत येणं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना तिला एकच गोष्ट हवी होती: भावाने, त्याच्या त्या कॅमेऱ्याने काढलेला तिचा एक फोटो. सोमवारी काढला, पुसट. मामा म्हणाले, फिल्म जुनी निघाली. बुधवारी काढला, पुन्हा पुसट. मामा म्हणाले, तू हललीस.

"मी हलले?" ताई म्हणाली. "अरे, मला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात."

त्या दिवशी मामांनी मनाशी ठरवून टाकलं. तिसराही बिघडला तर कॅमेरा सुट्या भागांसाठी घड्याळवाल्याला देऊन टाकायचा आणि दुकानाचं शटर ओढायचं. बहिणीचा एक फोटो जमत नसेल तर कसला आलाय फोटोवाला.

हा घड्याळवाला मामांचा जुना दोस्त, घड्याळांबरोबर कॅमेरेही दुरुस्त करायचा. शुक्रवारी सकाळी त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, टेपने अंतर मोजलं, मागे फिल्मच्या जागी दुधी काच लावली आणि तिच्यावर चित्र स्पष्ट उमटतं का ते बघत एकेक आकडा तपासला. दहाला दहा, पंधराला पंधरा. कॅमेरा निर्दोष.

"मग मी वेडा झालोय का?" मामा म्हणाले.

"ते नंतर बघू. तू करतोस कसं, ते एकदा करून दाखव."

दुकानाबाहेर लांबलचक व्हरांडा होता, एकेक फुटाच्या चौकोनी फरश्यांचा. घड्याळवाला भिंतीला टेकून उभा राहिला. मामांनी त्याची कॉलर सरळ केली, जावयाची चौकशी केली, वळले आणि सहा पावलं टाकली. घड्याळवाल्याने फरश्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"बारा."

"पंधरा असतील."

"मामा, बारा आहेत."

"तुझ्या फरश्या मोठ्या आहेत."

घड्याळवाल्याने टेप आणून फरशी मोजून दाखवली. मामांनी तीनदा चालून पाहिलं. तिन्ही वेळा बारा. चौथ्या वेळी मुद्दाम ढांगा टाकायला गेले तर गुडघ्यातून अशी कळ आली की भिंत धरावी लागली.

"उन्हात तू भिंगाचं छिद्र बारीक करतोस, ते एवढी चूक पोटात घालतं," घड्याळवाला हळूच म्हणाला. "सावलीत छिद्र सताड उघडं, तिथे कोण ऐकून घेणार? कड्यावर तू पंधरा लावतोस, माणूस बारावर. फोकस जातो मागच्या भिंतीवर."

सगळं पटलं, तरी मामांच्या डोक्यात ते शिरेना. आपलंच पाऊल, आणि आपल्याला पत्ता नाही? घरी येऊन त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी भाजी निवडत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"फोटोचं नव्हतं ठाऊक," मामी म्हणाल्या. "चालण्याचं होतं. वर्षभर मीच हळू चालतेय तुमच्याबरोबर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही बाहेर पडायचंच सोडलं असतं."

मामांना राग आला, मग लाज वाटली. ते मामींसमोर बसले आणि न सांगता भाजी निवडू लागले.

शनिवारी सकाळी त्यांनी गुरूची ताकीद मोडली. अंगणात ताईला बसवलं आणि मामींच्या शिवणकामाची टेप ताईच्या नाकापासून सरळ कॅमेऱ्यापर्यंत धरली. टेप पाच फुटांची, तीनदा लावावी लागली. ताई आखडली बिखडली नाही. "कफनाचं माप घेतोयस का रे?" म्हणून खदाखदा हसली आणि हसण्याच्या शेवटी मामांनी खटका दाबला.

दुपारी त्यांनी फिल्म धुतली, संध्याकाळी मोठी प्रत काढून ताईच्या हातात दिली. फोटो लख्ख आला होता. पापणीचा केस न् केस दिसत होता, गालावरची सुरकुती न् सुरकुती. मागची भिंत पुसट होती.

ताईने बसल्या जागी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मामा शेजारी उभे होते, ती चांगलं म्हणेल म्हणून वाट बघत.

"अरे," ती म्हणाली, "मी एवढी म्हातारी कधी झाले?"

"मलाही कालच कळलं, ताई," मामा म्हणाले.