युसूफभाईंनी न तोडलेलं सील

युसूफभाई गेल्याची बातमी मला वर्तमानपत्राच्या डेस्कवर कळली. दुपारी जिल्ह्याचं पान लागत होतं. गजाननचा फोन आला, त्यांच्या शर्यत-संघाचा एकुलता एक स्वार. "भाऊ, चाचा गेले. गॅरेजमंदीच... गाडीपाशी." मी वेळ विचारली, वय विचारलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, वय मला माहीत होतं.

वाशीममध्ये त्यांचं दुचाकींचं गॅरेज. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, अशी त्यांची तपासणी. बिघाड कुठं आहे ते सांगत आणि इंजिन खोललं की तो तिथंच सापडे. मेडशीच्या गजाननला घेऊन त्यांनी मोटारसायकल शर्यतींसाठी संघ काढला, तेव्हा मला तो छंद वाटला होता. पण नव्या संघाकडे स्वार असतो, मेकॅनिक असतो, नाव असतं. शर्यतीचं इंजिन मात्र मुरलेल्या कंपनीकडूनच यावं लागतं. वर्षभराच्या खटपटीनंतर ते आलं. इंजिनला शिशाचं सील होतं. ते फक्त कंपनीचा अभियंता उघडणार. तुटलं तर इंजिन परत आणि संघ बाद. युसूफभाई हसले होते. "आपली टीम भाड्याचं घर हाय, भाऊ. खिळा ठोकाचा तरी मालकाले इचारा लागते."

पहिल्या शर्यतीला तीन आठवडे असताना सरावात आवाज आला. त्यांनी मूठ कानाला लावली. "आत वॉल्व्हची टॅपेट ढिली झाली. कसाची हाय, धा मिनटाचं काम."

"मंग खोला न, चाचा! कोन पाह्यते?" गजानन म्हणाला.

"सील पाह्यते."

कंपनीला इंग्रजीत मेल मी लिहिले, माझ्याच पत्त्यावरून. चार. उत्तर आलं नाही. शर्यत चार दिवसांवर आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमी शिकेल मानूस. खोलू का?" मी करार पुन्हा वाचला आणि नको म्हणालो. सल्ला चुकीचा नव्हता... तशीच गाडी पळवायला ते तयार नव्हते. "भर शर्यतीत टॅपेट निसटून इंजिन जाम झालं त पोट्टं जाईन माह्यं." संघ शर्यतीत उतरला नाही. गजानन सोयाबीनच्या सोंगणीला गावी गेला.

त्यानंतर युसूफभाई रोज सकाळी ती गाडी सुरू करत, मूठ कानाला लावून ऐकत आणि बंद करत. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर तशाच उभ्या असत. रोज कायले ऐकता, असं मी एकदा विचारलं. "बिमारी मालूम हाय, दवा मालूम हाय," ते म्हणाले, "हात बांधेल हायेत." शेवटच्या दिवशीही ते ऐकतच होते. शेजारचा चहावाला आत गेला तेव्हा इंजिन सुरू होतं.

गेल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. अभियंता पाठवत आहोत. तोवर सील शाबूत असल्याचं कळवावं.

मी गॅरेजवर गेलो. युसूफभाईंच्या पत्नीनं, भाभींनी, शटर उघडून दिलं. गाडी जागेवर होती. सीलच्या तारेवर धूळ बसली होती. स्क्रूड्रायव्हर सीटवर आडवा पडलेला. मुठीचा कानाला लागणारा भाग घासून गुळगुळीत झालेला. तिथंच उभं राहून मी उत्तर लिहिलं.

"क्या लिखे?" भाभींनी विचारलं.

"सील शाबूत आहे, म्हणून."

त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"बस, इतनाच?"