उचलला की तुटतं

सांगलीत आमच्या गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला आणि गल्लीनं तो आपलाच मानला. शेजारचे लोक लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर बिनधास्त छापायचे आणि पुढं पी. पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून मोकळे व्हायचे. पलीकडून कुणी 'जरा अमक्यांना बोलावता का' म्हटलं की मी हातातला झारा टाकून पळायची. आलेल्या माणसाला चहा विचारणंही ओघानंच आलं. साताऱ्याला माहेरीही हेच चालायचं, त्यामुळं गाऱ्हाणं सांगायला जागा नव्हती. मी आपली भांड्यांवर राग काढायची.

म्हणून ह्यांनी कॉर्डलेस फोन आणला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मूळ फोन हॉलमध्ये राहायचा आणि त्याचा बिनतारी हॅंडसेट परसातल्या भिंतीपलीकडं, शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरापर्यंत चालायचा. मावशी मूळच्या माण तालुक्यातल्या. नवरा कुपवाडच्या कारखान्यात, एकुलता एक मुलगा फौजेत. तो फोन करायचा तो रविवारीच, म्हणून रविवारी सकाळी भिंतीवरून हॅंडसेट त्यांच्याकडं द्यायचा, असा आमच्या दोन घरांचा रिवाजच पडला होता. त्या पदराला हात पुसून तो दोन्ही हातांनी घ्यायच्या, देवापुढं पाटावर ठेवायच्या आणि अधूनमधून बटण दाबून कानाला लावून बघायच्या. कशाला, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "जित्ता हाय का बघते."

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र त्यांचे रविवार कोरडे जाऊ लागले. टीव्हीवर रोज डोंगर, तोफा आणि धूर दिसत होता. मावशी आमच्याकडं बातम्या बघायला यायच्या आणि बातम्या संपायच्या आतच उठून जायच्या. मग त्यांच्या गावचा एक जवान सुट्टीवर आला आणि त्यानं निरोप आणला, की पोरगा येत्या रविवारी डोंगरावरून खाली येणार आहे, फोनची पाळी मिळाली तर दुपारच्या आत करील. तो रविवार उजाडेपर्यंत मावशींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझीही तीच गत होती. मुलगा त्यांचा, पण धडकी माझ्याही उरात भरली होती.

आणि नेमक्या त्याच सकाळी हे आपल्या नोकरीच्या कारखान्यातून मालकांचा लॅपटॉप काखोटीला मारून घरी आले. कारखान्याचा फोन बंद पडला होता आणि परदेशातल्या गिऱ्हाईकाला एक ड्रॉइंग इंटरनेटवरून तातडीनं पाठवायचं होतं. हॉलमधला फोन तसाच ठेवून त्याच्याच लाइनवरून दुसरी वायर काढून त्यांनी ती लॅपटॉपला जोडायला घेतली. मी म्हटलं, आज रविवार आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, दहा मिनिटांचं काम. ह्यांची दहा मिनिटं मी लग्न झाल्यापासून ओळखते.

हॅंडसेट तर आधीच पलीकडं गेला होता. मी भिंतीपाशी जाऊन मावशींना समजावून सांगितलं, की ह्यांचं मशीन चालू असेतोवर फोन वाजायचा नाही. आणि कृपा करून बटण दाबू नका, उचलला की आमचं तुटतं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आन तवर त्येचा आला तर, वैनी?"

बिझी लागेल, तो परत करेल, असं मी म्हटलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मागं रांग असती वो." मी आत आले.

लॅपटॉप किंचाळला, खरखरला आणि एकदाचा लागला. ड्रॉइंग गोगलगायीच्या चालीनं जायला लागलं. निम्मं गेलं असेल नसेल, तोच तुटलं. मावशींनी बटण दाबलं होतं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच दाबलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. मला ह्यांचा राग येत होता, मावशींचा येत होता, आणि तो फोन घरात आणला त्या दिवसाचाही येत होता. एवढं समजावून सांगूनही बाईला कळू नये, म्हणून तणतणत मी भिंतीपाशी गेले. खिडकीतून मावशी दिसल्या. देवापुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या, हॅंडसेट मांडीवर. चुलीवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, तरी त्या हलत नव्हत्या. मी तशीच परतले.

तिकडं कुठंतरी थंडीत तो पोरगा नंबर फिरवतोय आणि त्याला आमची बिझी टोन ऐकू येतेय, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना. पुन्हा तुटलं तसे हे उठले आणि पायांत चपला सरकवल्या. "मीच जाऊन हॅंडसेट घेऊन येतो." मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आज नाही. त्यावर ते म्हणाले, नोकरी गेली तर मावशी पोसणार आहेत का आपल्याला? दाराच्या उंबऱ्यावर आमचं हळू आवाजात असं जुंपलेलं असतानाच हॉलमधला फोन वाजला.

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. रिंग मध्येच थांबली. मावशींनी उचलला होता. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, जणू तेवढ्या लांब आपल्याच जोरावर पोचवायचा होता. "जेवलास का रं?" मी खाली बसले आणि रडले. ह्यांनी चपला काढल्या.

थोड्या वेळानं त्या हॅंडसेट परत द्यायला भिंतीपाशी आल्या. पोरगं बरं आहे, म्हणाल्या. आधी दोनदा फोन लागलाच नाही, त्याची पाळी गेली होती, पण मागच्या पोरांनी त्याला पुन्हा पुढं घेतलं. हे ओशाळून म्हणाले, नशीब म्हणायचं मावशी, नेमकं तेव्हाच आमचं तुटलं.

मावशी ह्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "नशिबानं न्हाई, भाऊ. वैनींनीच सांगितलं हुतं, उचलला की तुटतंय. म्हनून तर सारखी उचलत हुते. तुमचं काम मोडलं, मला कळत हुतं. पर दुसरं काय करनार मी?"