तीनदा उतरवलेला टायर

मागचं चाक तिसऱ्यांदा माझ्या मांडीवर होतं आणि डॉक्टरीणबाई घड्याळ पाहत होती. तिच्या पायाशी निळा डबा. डब्यात बर्फ, बर्फात लसीच्या बाटल्या.

"मावशी, दहा वाजले."

"दिसून राहिलं मले," मी म्हटलं.

खरं तर मला काहीच दिसत नव्हतं. टायर नवा. ट्यूब नवी. स्पोक सरळ. बेअरिंग गुळगुळीत. तरी गाडी झटके देत होती.

वरठीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं टायर-पंक्चरचं दुकान. सासऱ्यांनी सायकलींसाठी काढलं होतं. नवरा कारखान्यात पाळ्या करायचा, म्हणून दुकानात मी बसले, आणि बसता बसता मिस्त्रीण झाले. ही गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठ पुरे व्हायचे होते. त्या वयात माणसाला सगळं येत असतं.

डॉक्टरीणबाई गुराढोरांची. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत, राहणं तिथल्या क्वार्टरमध्ये आणि नेमणूक पार आंबागडच्या बाजूला. भंडारा, वरठी, मोहाडी, तुमसर असं करत ती गडाखालच्या गावांत जायची. पन्नासेक किलोमीटर डांबर, आणि शेवटी सात-आठ किलोमीटर मुरूम, चिखल आणि धानाचे बांध. त्यासाठी तिनं ड्युअल-स्पोर्ट गाडी घेतली होती. म्हणजे रस्त्यावर चालते आणि रस्ता संपल्यावरही चालते. उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं. हिचे पाय जेमतेम टेकायचे. थांबताना ती एका बाजूला अशी कलायची की पहिल्या दिवशी मी धरायलाच धावले.

"पडत नाही मी," ती म्हणाली. "टायर घासले, ते पाहा. कोणते टाकू?"

आता इथं मिस्त्रीनं एक प्रश्न विचारायचा असतो: डांबर किती, चिखल किती? टायर त्यावर ठरतो. डांबराच्या टायरला बारीक चिरा असतात, तो रस्त्याला चिकटून चालतो. चिखलाच्या टायरला मोठमोठे रबरी ठोकळे असतात, त्याला आम्ही बटन टायर म्हणतो. ते ठोकळे चिखलात रुततात आणि गाडी ओढून काढतात. पण डांबरावर ठोकळ्यांवर चालणं म्हणजे खडावा घालून चालणं. या दोघांच्या मधला तो निम्मा-निम्मा.

मी काहीच विचारलं नाही. "चिखलात जातेस ना? मग बटन टायर," म्हटलं आणि पाने हातात घेतले.

पहिला गोंधळ तिथंच सुरू झाला. टायरच्या बाजूवर बाण असतो, चाक कोणत्या दिशेनं फिरणार ते सांगणारा. बाण पाहून दोन्ही टायर बसवले, तर पुढच्याची नक्षी मागच्याच्या उलटी दिसायला लागली. मी ट्रॅक्टर पाहत मोठी झालेली, त्याच्या चाकांची नक्षी एकाच दिशेची. कंपनीचंच चुकलं, असं ठरवून पुढचा टायर काढून उलटा बसवला. मग चहा पिताना मन खाऊ लागलं. परत काढला, परत सुलटा केला. मागचं चाक गाडी ढकलतं, पुढच्यावर ब्रेकचा भार येतो, म्हणून दोघांची नक्षी वेगळी असू शकते, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "पुढचा जरा नीट बसवून पाह्यला."

"दोनदा?" ती म्हणाली.

सोबत सर्व्हिसिंगही केली. ब्रेकची तार, हवा, स्पोक. पान्यानं एकेक स्पोक वाजवायचा. टण्ण वाजला तर चांगला, थप्प वाजला तर ढिला. शेवटी चेन पुसली आणि घरून आणलेल्या बाटलीतलं तेल तिला हातानं चोळून चोळून लावलं. चेनीचा स्प्रे मिळतो, पण स्प्रे म्हणजे शहरातल्यांचे लाड असं माझं मत होतं.

दहा दिवसांनी ती परत आली.

"मावशी, दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे टायर लय आवाज करते. दुसरं म्हणजे हळू चालवली की गाडी झटके देते."

मी एकच गोष्ट ऐकली. टायर. बटन टायर माझ्या डोक्यात आधीच खुपत होता. मी तो परत घेतला आणि निम्मा-निम्मा टाकला. हवा मोजली. डांबरावर पुढं पंचवीस, मागं तीसपर्यंत, आणि चिखलात उतरण्याआधी चार-पाच कमी कर, म्हणजे टायर पसरून पाय रोवतो, असं तिला समजावलं. हे बरोबर होतं. मी अधूनमधून बरोबरही असायचे.

चाक हातानं फिरवलं तर चेन एका जागी तंग, एका जागी ढिली. चेनीला खालून बोट लावून वर ढकललं की दोन-तीन बोटं हलली पाहिजे, आणि सगळीकडं सारखी. ही सारखी नव्हती. मी म्हटलं, रिम वाकडी असेल. रिम सरळ होती. मी म्हटलं, मग चेन तहानलेली असेल. आणि बाटली पुन्हा उपडी केली.

पुढच्या दहा दिवसांत काय झालं, ते तिनं तिसऱ्या खेपेला सांगितलं. लाळ्या-खुरकुताची लस चालू होती. एका गावात लोकांनी सकाळी जनावरं चरायला न सोडता बांधून ठेवली. आणि हिची गाडी तुमसरच्या पुढं झटके देत देत अशी अडली की ही पोचलीच नाही. लोकांनी दुपारी जनावरं सोडली. आज त्या गावाला दिलेली दुसरी तारीख होती.

"आज नाही गेली तर तिसऱ्यांदा कोणी बांधत नाही," ती म्हणाली. "अन् शेजारच्या गावात रोग आला आहे, मावशी. बैलाचे खूर सडून राहिले."

त्यामुळं चाक माझ्या मांडीवर होतं आणि दहा वाजले होते.

मी चाक नुसतं आसाच्या दांड्यावर धरून फिरवलं. भोवऱ्यासारखं फिरलं. गाडीला बसवलं, चेन चढवली. फिरलं, अडलं, फिरलं, अडलं. परत उतरवलं. बाकावर आमचे हे पेपर वाचत बसले होते. नुकतेच रिटायर झालेले, त्यामुळं सगळा दिवस माझ्याच मागं.

"चेन लावली का अडते," हे पेपरातून म्हणाले. "तर टायर कायले उतरवून राहिली तू?"

"तुम्ही पेपर वाचा जी."

ते पेपर वाचू लागले. मी आणखी थोडा वेळ टायरकडं पाहिलं, कारण लगेच ऐकलं तर बरं दिसत नाही. मग चेनीचं लॉक काढून चेन हातात घेतली.

चेन हातात धरली की दोरीसारखी लोंबली पाहिजे. ही लोंबली नाही. वाळत ठेवलेला दोडका जसा वाकडाच्या वाकडा राहतो, तशी राहिली. कडी कडीला चिकटली होती. वर पिवळट काळा थर, नखानं खरवडला तर डिंकासारखा.

डॉक्टरीणबाई वाकली. तिनं चेनीचा वास घेतला.

"मावशी, घरी जवसाची चटणी केली होती का?"

मी फडकं शोधू लागले.

"चेनीले जवसाचं तेल लावलं तुम्ही?"

"घाण्याचं," मी म्हटलं. "चांगलं, शुद्ध."

यामागं माझं मोठं शास्त्र होतं. धान निघाला की आमच्याकडं बांधीत, म्हणजे धानाच्याच शेतात, जवस पेरतात. माझे बाबा दर वर्षी नांगराला, जुवाला, कुदळीच्या दांड्याला जवसाचं तेल लावायचे. लावायचं काम माझं, मी तेव्हा सात वर्षांची. लाकूड तेल प्यायचं, वर चकचकीत कवच धरायचं, पावसाचं पाणी आत जायचं नाही. म्हणजे अवजाराला जवस चांगला. चेन हे अवजार. म्हणजे चेनीला जवस चांगला. लाकडाला जवस चांगला तो वाळून कडक होतो म्हणून, आणि चेनीला कधीच न वाळणारं तेल लागतं, एवढं साधं सात वर्षांच्या त्या पोरीला कळलं नव्हतं. सात वर्षांची पोरगी मोठी झाली, आजी झाली, तरी कळलं नव्हतं. पहिल्या खेपेला मी चेन थोडी चिकटवली. दुसऱ्या खेपेला पक्की केली.

"बैलाचं पोट फुगलं तर मी जवस पाजते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "गाडीचं काय फुगलं होतं?"

बाकावरचा पेपर हलत होता. वारा नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावचे पोलीस पाटील होते. आवाज मलाही ऐकू येत होता.

"म्याडम, येऊन राहिल्या का नाही? गायकी काठी घेऊन उभा आहे. सोडू का ढोरं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. गावाची गुरं चारणारा तो गायकी एकदा निघाला की विषय संपला. नवी चेन माझ्याकडं नव्हती. या गाडीची चेन भंडाऱ्याहून मागवावी लागायची.

"साडेबारा म्हण," मी म्हटलं.

"साडेबाराले येते, पाटील," ती म्हणाली आणि फोन ठेवून मला विचारलं, "नक्की?"

"मले काय माहीत? घमेलं आण."

यांनी वाळवीसाठी ठेवलेलं रॉकेल मी घमेल्यात ओतलं. पेट्रोल नाही, कारण अशा चेनीत बारीक रबरी कड्या असतात, पेट्रोलनं त्या खराब होतात. चेन बुडवली. मी एका टोकाकडून ब्रश घेतला, तिनं दुसऱ्या टोकाकडून, आणि ज्यांना मी पेपर वाचायला सांगितलं होतं ते न सांगता मधे येऊन बसले. घास, वाकव, घास, वाकव. एकेक कडी सुटत गेली. हे पाऊण तास चाललं. मधेच ती म्हणाली, "गाईची प्रसूती याच्यापेक्षा सोपी असते."

फडक्यानं पुसून गिअर ऑइल लावलं, तेही आतल्या बाजूनं, थोडंसं, आणि वरचं पुसून टाकलं. जास्त तेल धूळ ओढतं. चेन चढवली, तीन बोटं ढिली ठेवली, चाक फिरवलं. चाक फिरत राहिलं.

ती निघाली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. माझे हात रॉकेलचे, म्हणून मी तिला टाटाही केला नाही.

एक वाजता फोन आला. "मावशी, पोचली. दहा मिनिटं उशीर झाला. डब्यात बर्फ शिल्लक होता."

"अन् ढोरं?"

"तीन सुटली. बाकीची आहेत. गायकी म्हणाला, म्याडमनं येळ सांगितली आहे, मी बसतो."

त्या गावात रोग शिरला नाही. चेन मात्र आतून खराब झालीच होती, पुढच्या महिन्यात ती बदलली. निम्मे-निम्मे टायर राहिले, ते छान चालले. नंतर माझ्या दुकानात एक सवय सुरू झाली. गाडी बिघडून आली की आधी विचारायचं, हिला शेवटचा हात कोणी लावला? बहुतेक वेळा उत्तर समोर उभं असतं. त्या खेपेला उत्तर पाने घेऊन बसलं होतं. टायर बिचारा गोल, त्याला तोंड नाही, म्हणून त्याच्यावर आळ घेणं सोपं जातं.

लसीची फेरी संपल्यावर डॉक्टरीणबाई दुकानात आली आणि गल्ल्यावर एक छोटी बाटली ठेवून गेली. जवसाचं तेल. वर पट्टी चिकटवून पेनानं लिहिलं होतं, "फक्त जनावरांसाठी."

यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि बाटली माझ्याकडं सरकवली.

"घे," म्हणाले. "तुले चालते."