फॉर्ममधला शेवटचा रकाना

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली मंडळाचा फळा आहे. पाणी कधी येणार, कोण वारलं, कोण पास झालं, सगळं त्यावर लागतं. लिहिते मी, कारण अक्षर माझं चांगलं. त्याच फळ्यावर मला मैत्रिणीचं अभिनंदन लिहावं लागलं. खोटं कशाला बोलू, मी जळत होते.

आम्ही दोघी एकाच कॉलेजातून बी.एस्सी. झालो. मार्क माझे जास्त. दोघी बेकार. लोअर परळच्या एका संस्थेने पदवीधरांसाठी कोर्स काढला: पॅथॉलॉजी लॅबना हवी तशी माणसं तयार करायची आणि नोकरीला लावायची. मी पत्रक काढलं. 'मग तीन वर्षं आम्हाला शिकवलंत ते काय होतं?' संस्थेच्या दारात आम्ही दोघींनी ते वाटलं. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

पत्रकं संपल्यावर ती वॉचमनकडून दोन फॉर्म घेऊन आली. "भरून तर बघू गं."

मी भरला. चाळीत कुणाला सांगितलं नाही.

शेवटचा रकाना होता: तुम्हाला काय येत नाही? डोकंच फिरलं. भीक मागायला आलोय का? मी आडवी रेघ मारली. ती मात्र लिहीतच बसली, वर एक कोरा कागद मागून घेतला. मुलाखतीत मी शिक्षणपद्धतीवर वीस मिनिटं बोलले. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही नाही." ते कौतुक समजून मी घरी आले.

यादीत नाव तिचं. कोर्स संपला आणि परळच्या लॅबमध्ये नोकरीही तिला.

तर फळ्यावर मी तिचं नाव पाण्याच्या वेळेखाली कोपऱ्यात लिहिलं. तिची आई दळण घेऊन येत होती, थांबली.

"खडू संपलो काय गो? माझ्या चेडवाचा नाव मुंगीएवढा?"

फडकं मारून पुन्हा लिहिलं. मोठं. तेवढ्यात मैत्रीणच मागे येऊन उभी राहिली. गळ्यात लॅबचं ओळखपत्र, चाळीत शिरली तरी काढलं नव्हतं.

"आता पत्रकात मला फितूर म्हणशील ना?"

"म्हणणारच होते."

"म्हण. खाली हेही लिही, पुढच्या बॅचचे फॉर्म सोमवारी मिळतात."

मी फळ्याकडे बघतच विचारलं, "त्या रकान्यात काय लिहिलं होतंस?"

"पहिलंच सांगू? लॅबच्या मशीनला कधी हात लावला नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल मैत्रिणीचं उतरवलं."

ती मैत्रीण म्हणजे मी. आणि माझं जर्नल मी एका सीनियरचं उतरवलं होतं. हे तिला अजून माहीत नाही.

सोमवारचं मी फळ्यावर लिहिलं. कोपऱ्यात, फार जणांनी वाचू नये इतकं बारीक.